प्रवाळाच्या टाकीचा हिशोब: सोलापूरच्या उन्हात डोस किती, उजेड किती

मे महिन्यात आमच्या जुळे सोलापूरच्या घरात टाकीतलं पाणी रोज अडीच लिटरनं उतरतं. टाकीवर दोन छोटे पंखे फिरत असतात, बाहेर पारा ४२-४३ वर असतो आणि हवा इतकी कोरडी की दोरीवर टाकलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. अशा गावात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, हॉलच्या कोपऱ्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, वाढवायचं तर दोन प्रश्न रोज समोर येतात. कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, यांचा डोस किती मिली द्यायचा? आणि लाइट किती टक्क्यांवर ठेवायचा?

नवीन टाकी लावणारे मला हेच विचारतात आणि त्यांना एक आकडा हवा असतो. माझ्या टाकीचा आकडा मी त्यांना देत नाही, कारण तो त्यांच्या उपयोगाचा नाही. डोस ठरतो तो तुमची टाकी रोज किती खाते त्यावर, आणि ती किती खाते हे बऱ्याच अंशी उजेडावर ठरतं. कोरलच्या पेशींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडात अन्न तयार करतं, त्या ऊर्जेवर कोरल आपला चुनखडीचा सांगाडा बांधतं. उजेड वाढला की बांधकाम वाढतं, बांधकाम वाढलं की पाण्यातलं कॅल्शिअम आणि कार्बोनेट लवकर संपतं. म्हणून डोस आणि दिवा हे एकच गणित आहे. ते वेगवेगळं सोडवायला गेलं की चुकतं. खाली मी ते माझ्या १५० लिटरच्या टाकीच्या आकड्यांसह मांडते. पद्धत घ्या, आकडे तुमचे घाला.

त्याआधी कायद्याचं एक. भारताच्या समुद्रातलं दगडी सांगाड्याचं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणला सहलीला गेल्यावर एक तुकडा उचलून आणणं हासुद्धा गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या, साईट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली आहे. विकणाऱ्याकडे आयातीचे आणि पैदाशीचे कागद नसतील तर ते कोरल घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. मशरूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ कोरलची टाकीसुद्धा फार देखणी होते आणि तिला डोस जवळजवळ लागत नाही.

टाकीत खरं पाणी किती?

सगळा हिशोब लिटरवर चालतो, आणि बहुतेकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची टाकी कागदावर १८२ लिटरची. पण काचेची जाडी वजा करा, वरची रिकामी सोडलेली चार-पाच सेंटिमीटर वजा करा, खडक आणि वाळूनं अडवलेली जागा वजा करा, मग सम्पमधलं, म्हणजे खालच्या जोडटाकीतलं, पाणी मिळवा. माझ्याकडे हे सगळं करून १५० लिटर आलं. उत्तम मार्ग म्हणजे पहिल्यांदा भरताना खुणेच्या बादलीनं मोजून भरणं. टाकी आधीच भरलेली असेल तर पाण्याची लांबी, रुंदी, उंची आतून मोजा आणि त्यातून खडक-वाळूचे दहा टक्के कमी धरा. आकडा जरा कमी धरलेला चालतो, जास्त धरला तर प्रत्येक डोस जास्त जाईल.

पाणी आणि खारटपणा

सोलापूरला उजनीचं पाणी येतं आणि ते रोज येत नाही. नळाचं पाणी या टाकीत कधीच वापरायचं नाही. त्यातले क्षार, नायट्रेट, फॉस्फेट टाकीत साठत जातात. आरओनंतर उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा लावा, टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. घरातल्या पिण्याच्या आरओ मशीनमध्ये बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळलं जातं किंवा खनिजांचं कार्ट्रिज असतं. त्या तोटीचं पाणी घेऊ नका, पाइप मेंब्रेननंतर लगेच काढून घ्या. पाणी आलं त्या दिवशीच मी ४० लिटर साठवून ठेवते, कारण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा टाकीला देता येत नाही. आरओचं वाया जाणारं पाणी फरशी आणि भांड्यांना जातं.

खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) हवा, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६४. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावला म्हणजे ३५ ला बरोबर दाखवेल असं नसतं. तो ३५ च्या द्रावणावरच तपासायचा. ते द्रावण घरी होतं: ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डीआय पाणी. याचा वक्रीभवनाचा आकडा ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकाच असतो. काटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा, तो पुढेही लागणार आहे.

खारटपणा हलला की बाकी सगळे आकडे हलतात. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दोन दिवस टॉप-अप, म्हणजे उडालेल्या पाण्याची भरती, चुकला तर केएच (अल्कलिनिटीचं माप), कॅल्शिअम, मॅग्नेशिअम तिन्ही वर गेलेले दिसतील आणि तुम्हाला वाटेल डोस जास्त झाला. म्हणून कुठलीही चाचणी करण्यापूर्वी पाणी खुणेपर्यंत भरा, तासभर फिरू द्या, खारटपणा पाहा, मगच केएच. आमच्याकडे सकाळचा टॉप-अप आईच्या हातात आहे. "आज किती उतरलं गं?" असं मी विचारण्याऐवजी आता तीच दिनदर्शिकेवर लिटर लिहून ठेवते, दुधाच्या रतिबाशेजारी.

टाकी रोज किती खाते

आता मुख्य काम. ज्या तीन गोष्टी पाहायच्या त्यांच्या मर्यादा अशा: अल्कलिनिटी ७.५ ते ८.५ डीकेएच (केएचचे अंश), कॅल्शिअम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), मॅग्नेशिअम १२५० ते १३५०. खऱ्या समुद्रात केएच सातच्या आसपास असतो. बाजारातली काही मिठं ११-१२ ला मिसळतात आणि लोक त्यालाच चांगलं समजतात. नायट्रेट-फॉस्फेट फार कमी असलेल्या टाकीत इतक्या वरच्या केएचनं फांद्यांच्या कोरलची टोकं जळतात. मी आठच्या आसपास राहते आणि मीठही त्याच्या जवळ मिसळणारं निवडते.

या तिघांत सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त हलते ती अल्कलिनिटी. पाण्यात तिचा साठाच लहान असतो. कोरल एक डीकेएच वापरतं तेव्हा कॅल्शिअम फक्त सात पीपीएमनं उतरतं, आणि ४२० मधून सात गेलेलं किटवर धड दिसतही नाही. आठातून एक गेलेला मात्र लगेच दिसतो. म्हणून रोजची वाचनं केएचची घ्यायची आणि कॅल्शिअमचा डोस त्या प्रमाणातच काढायचा.

पद्धत अशी. खारटपणा बरोबर करा, केएच आठ-साडेआठच्या आसपास आणा. मग तीन दिवस साध्या टॉप-अपशिवाय काहीही टाकू नका, पाणीही बदलू नका. पहिल्या दिवशी सकाळी नऊला मोजा, तीन दिवसांनी सकाळी नऊलाच मोजा. वेळ तीच ठेवायची, कारण उजेडात वापर जास्त आणि रात्री कमी असतो. सकाळचं एक आणि रात्रीचं एक वाचन ताडून पाहिलं तर फसगत होते. आणि तीन दिवस का? किटच्या वाचनात पाव-अर्ध्या डीकेएचची चूक सहज होते. एका दिवसाच्या फरकात ती चूक पूर्ण उतरते, तीन दिवसांत ती तीनानं भागली जाते.

माझं उदाहरण: सोमवारी ८.४, गुरुवारी ७.२. तीन दिवसांत १.२ उतरला, म्हणजे रोज ०.४ डीकेएच. हा माझ्या टाकीचा रोजचा खर्च.

पाठ करून ठेवावी अशी एकच ओळ आहे: १०० लिटर पाण्याचा केएच एक अंशानं वाढवायला ३ ग्रॅम सोडिअम बायकार्बोनेट लागतं. माझ्या १५० लिटरला साडेचार ग्रॅम. रोज ०.४ हवं, म्हणजे ४.५ गुणिले ०.४, रोज १.८ ग्रॅम. झालं.

तीन दिवसांत ०.३ पेक्षा कमी उतरलं, तर तुमच्या टाकीला डोसची गरजच नाही. पंधरा दिवसांतून एकदा दहा टक्के पाणी बदललं की भागतं. मऊ कोरलच्या बहुतेक टाक्या याच गटात बसतात. अशांनी बाटल्या विकत घेऊ नयेत असं मी कळकळीनं सांगते. गरज नसताना दिलेला डोस हळूहळू साठत जातो, आणि तो साठा आपल्याला महिन्याभरानं, कोरल मिटल्यावर कळतो.

द्रावण घरी बनवणं

सोडिअम बायकार्बोनेट म्हणजे खायचा सोडा. पाकिटावर फक्त तेवढाच घटक लिहिलेला असला पाहिजे. बेकिंग पावडर चालत नाही, त्यात आम्ल आणि स्टार्च असतं. पापडखार आणि धुण्याचा सोडाही नको. त्यांचं रसायन सोडिअम कार्बोनेटच्या जवळचं असलं तरी बाजारातल्या मालात अजून काय आहे ते आपल्याला कळत नाही.

साठ ग्रॅम खायचा सोडा एक लिटर डीआय पाण्यात विरघळवा. पाणी कोमट असेल तर लवकर विरघळतो, उकळतं घेऊ नका, उकळल्यावर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचं कार्बोनेट होतं. या द्रावणाच्या ५० मिलीत ३ ग्रॅम सोडा येतो, म्हणजे ५० मिली १०० लिटरला बरोबर एक डीकेएच. मला रोज १.८ ग्रॅम हवे, म्हणजे ३० मिली.

कॅल्शिअमसाठी कॅल्शिअम क्लोराईड घ्यायचं, खाद्य किंवा प्रयोगशाळा दर्जाचं. डब्यावर डायहायड्रेट आहे की निर्जल, हे आधी वाचा, कारण वजन बदलतं. डायहायड्रेट असेल तर एक लिटरमध्ये ५२ ग्रॅम. हा आकडा मुद्दाम असा काढला आहे की दोन्ही द्रावणं समान मिलीमध्ये द्यायची. सोड्याचे ३० मिली तर कॅल्शिअमचेही ३०. निर्जल असेल तर ३९-४० ग्रॅम पुरे. विरघळताना हे द्रावण चांगलं तापतं, पातळ प्लास्टिकच्या बाटलीत एकदम ओतू नका, आणि नेहमी पाण्यात पावडर टाका. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर ही पावडर हवेतलं पाणी ओढून लगदा होते, मग वजनाला काही अर्थ उरत नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

दोन्ही द्रावणं एकाच वेळी एकाच जागी कधी ओतू नका. एकमेकांना भेटली की पांढरा ढग होतो. तो ढग म्हणजे तुमचं कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी दोन्ही चुनखडी होऊन वाया गेलेली. सोडा सकाळी, कॅल्शिअम अर्ध्या तासानं, आणि दोन्ही जोरात वाहणाऱ्या पाण्यात, थोडं थोडं. हीटरवर आणि पंपावर पांढरा खडबडीत थर चढत असेल तर तोही याच कारणानं चढतो.

केएच खाली गेलेला असेल, तर रोजचा खर्च आणि भरपाई वेगळी मोजा. माझा ७.२ वरून ८.२ ला न्यायचा म्हणजे एक अंश, ७५ मिली. ते दोन दिवसांत विभागते, दिवसाला अर्ध्या अंशापेक्षा जास्त वाढवत नाही. कोरलला ७.५ चालतो, ८.५ चालतो. एका रात्रीत ७.५ चा ९ झालेला त्याला सोसत नाही.

आठवडाभर दिल्यावर पुन्हा मोजा. केएच जागेवर असेल तर डोस बरोबर. चढत असेल तर दहा टक्के कमी, उतरत असेल तर दहा टक्के जास्त. एका वाचनावर डोस हलवू नका, दोन सलग वाचनं एकाच दिशेला गेली तरच.

कॅल्शिअम पंधरा दिवसांतून एकदा तपासा. मॅग्नेशिअम महिन्यातून एकदा पुरतं, त्याचा वापर कॅल्शिअमच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. पण ते १२०० च्या खाली गेलं की कॅल्शिअम आणि केएच दोन्ही वर धरून ठेवणं अवघड होतं, कारण मॅग्नेशिअमच पाण्यातल्या चुनखडीला आपोआप खाली बसण्यापासून रोखतं. १०० लिटरला १० पीपीएमसाठी मॅग्नेशिअम क्लोराईड हेक्झाहायड्रेट ८.४ ग्रॅम. माझ्या टाकीला १२०० वरून १३०० ला आणायला सुमारे १२६ ग्रॅम लागले, ते मी पाच दिवसांत दिले.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. या दोन द्रावणांतून कोरल कॅल्शिअम आणि कार्बोनेट घेतं, मागे उरतं ते साधं मीठ. रोज ०.४ डीकेएचच्या हिशोबानं वर्षभरात साधारण ३ पीपीटी खारटपणा वाढतो. म्हणून पाणीबदल थांबवू नका, आणि दर आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटर बघाच.

स्ट्राँशिअम, आयोडिन आणि बाकीच्या सूक्ष्म द्रव्यांबद्दल माझं मत थोडक्यात: जे तुम्ही मोजत नाही ते टाकू नका. नियमित पाणीबदलातून ती येत राहतात.

चुन्याची निवळी

सोलापुरात बाष्पीभवन इतकं असताना एक जुना, स्वस्त मार्ग आपल्याला विशेष सोयीचा आहे. कॅल्शिअम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याची निवळी. तिच्यात कॅल्शिअम आणि अल्कलिनिटी कोरलला हव्या त्याच प्रमाणात असतात आणि मागे मीठ उरत नाही. पानाला लावतो तो चुना मुळात हाच पदार्थ, पण पानपट्टीची डबी टाकीत रिकामी करू नका. शुद्धतेची खात्री असलेलीच पावडर घ्या.

एक लिटर डीआय पाण्यात २ ग्रॅम पावडर, हलवून झाकून ठेवायचं, काही तासांनी तळाशी गाळ बसतो. वरची नितळ निवळी तेवढी घ्यायची. उघडी ठेवली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं वर साय धरते, ती चुनखडीची असते आणि निवळी तेवढी कमजोर होते. संपृक्त निवळीचा एक लिटर १०० लिटर पाण्याला साधारण १.१ डीकेएच देतो. माझ्या १५० लिटरला पाऊण. रोज ०.४ हवा असेल तर अर्धा लिटर पुरतो.

आता धोका नीट ऐका. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. रोजचा अडीच लिटर टॉप-अप मी सगळाच निवळीनं केला, तर टाकीला जवळजवळ दोन डीकेएच जातील आणि पीएच उसळेल. म्हणून अर्धा लिटर निवळी, दोन लिटर साधं आरओ. निवळी रात्री, दिवे बंद असताना, थेंबाथेंबानं. सलाइनच्या नळीसारखी चिमट्याची नळी या कामाला उत्तम. स्वयंचलित टॉप-अपच्या पिंपात निवळी भरून निश्चिंत राहू नका. पातळी बघून पाणी थांबवणारा फ्लोट अडकला तर सगळं पिंप टाकीत उतरतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, आणि बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

निवळी आणि दोन द्रावणं एकत्र वापरत असाल तर केएचची बेरीज करा. ०.४ मधले ०.२ निवळीतून, उरलेले ०.२ सोड्यातून, म्हणजे १५ मिली.

उजेड किती

उजेडाचं मोजमाप वॉटनं होत नाही आणि डोळ्यांनीही होत नाही. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा जास्त दिसतो, कोरलमधलं शैवाल निळ्यावर जगतं. खरं माप म्हणजे पीएआर, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात ते. दुपारच्या उघड्या उन्हात हा आकडा साधारण २००० असतो. टाकीत मशरूमला ३० ते ८०, झोअँथिड आणि लेदरला ६० ते १२०, मोठ्या मांसल पॉलिपच्या कोरलला ८० ते १५०, फांद्यांच्या कोरलला २०० ते ३५०. मऊ कोरल ठेवणाऱ्यानं फांद्यांच्या कोरलसाठीचा दिवा घेऊन पैसे घालवू नयेत.

पीएआर मीटर महाग आहे. एका टाकीसाठी तो विकत घेणं मला पटत नाही. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींकडून एका आठवड्यासाठी मागून आणा, कुणी भाड्यानं देतं, कुणी ओळखीवर देतं. तो हातात असेल त्या दिवशी वाळूवर पाच जागा, खडकाच्या मध्यावर पाच आणि माथ्यावर तीन मोजा. टाकीचा नकाशा कागदावर काढून आकडे लिहा आणि तो कागद स्टँडच्या दाराला आतून चिकटवा. दिवा किती टक्के आणि पाण्यापासून किती उंच, हेही त्यावर लिहा. माझा तो कागद चार वर्षं जुना आहे, नवीन कोरल ठेवताना मी अजून तोच बघते.

मोबाइलमधल्या लक्स ॲपवर निळ्या एलईडीचा आकडा विश्वासाचा नाही, ते निळा फार कमी मोजतं. फक्त एका उपयोगाचं आहे: त्याच दिव्याखाली, त्याच सेटिंगवर, डावीकडे जास्त की उजवीकडे, एवढी तुलना.

९० सेंटिमीटरच्या टाकीला एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे बरे, सावल्या कमी पडतात. पाण्यापासून २०-२५ सेंटिमीटर वर. निळ्या चॅनलवर भर, पांढरा कमी. वेळ एकूण नऊ तास: पहिला तास हळूहळू चढता, सात तास पूर्ण, शेवटचा तास उतरता. तीव्रता आणि वेळ दोन्ही मिळून दिवसाचा उजेड ठरतो. १०० पीएआर नऊ तास आणि १५० पीएआर सहा तास, बेरीज सारखीच. पण कोरलवरचा ताण दुसऱ्यात जास्त. म्हणून शंका असेल तिथे मी तीव्रता कमी आणि वेळ पुरेसा ठेवते.

नवीन दिवा पहिल्या दिवशी ४० टक्क्यांवर. मग आठवड्याला पाच टक्के. नवीन कोरल आधी वाळूवर दोन आठवडे, मग वर. कोरल स्वतः सांगतं: झोअँथिडचे देठ लांबत चालले तर उजेड कमी पडतोय. मशरूम आक्रसून कडा वळवतंय तर जास्त. रंग फिका पडत असेल तर उजेड जास्त किंवा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट अगदीच शून्य. तपकिरी होत असेल तर उलट. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ इतकं असू द्या, शून्याच्या मागे लागू नका.

पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी ठेवू नका. आपल्याकडचं दुपारचं ऊन काचेतून आलं की शेवाळ आणि तापमान दोन्ही हाताबाहेर जातात.

दिवा हलवला की डोस पुन्हा मोजा

आता दोन्ही धागे जुळतात. माझा दिवा ४० टक्क्यांवर असताना टाकीचा खर्च रोज ०.२५ होता. चार आठवड्यांत ६० ला गेले आणि खर्च ०.४ झाला. त्या काळात मी डोस तोच ठेवला असता तर केएच रोज ०.१५ नं, महिन्याला चार-साडेचार अंशांनी घसरला असता. म्हणून नियम ठेवला आहे: दिव्यात बदल केला की त्या आठवड्यात डोस बदलायचा नाही, फक्त एक दिवसाआड केएच लिहायचा. आठवड्याच्या शेवटी नवा खर्च काढायचा, मग डोस. एका आठवड्यात एकच गोष्ट हलवायची, नाहीतर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

उलट्या दिशेचं गणित मात्र मला फार महागात पडलं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारची वीज सलग काही दिवस जात होती, पाणी ३० अंशांवर गेलं. गरम पाणी आणि भर उजेड एकत्र आले की कोरलमधलं शैवाल बिघडतं आणि कोरल त्याला बाहेर टाकतं. हेच ब्लीचिंग. माझं कोरल मिटलं होतं, सांगाडा बांधणं थांबलं होतं, म्हणजे खर्च जवळजवळ शून्य. डोसिंग पंप, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप द्रावण सोडणारा पंप, मात्र वीज आली की आपला नेहमीचा डोस देत होता. आठवड्यानं मोजलं तेव्हा केएच १०.८ होता. उष्णतेतून जे वाचलं होतं ते त्यात गेलं. पाच वर्षं वाढवलेली एक वसाहत तळहाताएवढ्या पांढऱ्या दगडाची झाली. ती मी अजून टाकून दिलेली नाही.

तेव्हापासून उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं आहे. मार्चअखेरपासून दिव्याची वेळ रोज अर्ध्या तासानं पुढे सरकवत दुपारी चार ते मध्यरात्री एकपर्यंत नेते, म्हणजे भर उन्हाच्या वेळी दिव्याची उष्णता त्यात मिळत नाही. पाणी २८.५ च्या वर गेलं की उजेड पाव हिश्शानं कमी, आणि डोस त्याच दिवशी निम्म्यावर. मग रोज केएच मोजायचा. उतरला तर डोस परत वाढवायचा. कोरल उघडून खर्च पूर्ववत झाला की मगच जुना आकडा.

थंड करायला आपल्या हवेत पंखा खूप काम करतो. १०० लिटर पाण्यातून एक लिटर उडताना जी उष्णता जाते ती त्या पाण्याला जवळजवळ सहा अंशांनी तापवू शकली असती. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. जूनमध्ये हवा दमट झाली की पंख्याचा जोर कमी होतो, टॉप-अप अडीच लिटरवरून एकावर येतो. त्याबरोबर निवळीचा अर्धा लिटर विसरू नका, तो आता टॉप-अपचा निम्मा भाग झालेला असतो. फार मोठी किंवा फार भरलेली टाकी असेल तर मात्र चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, घ्यावाच लागतो.

वीज जाते तेव्हा आधी पाणी हलतं ठेवा. इन्व्हर्टरवर एक छोटा वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) आणि पंखा एवढं पुरतं, दिवा नको. डोसिंग पंप इन्व्हर्टरवर अजिबात लावू नका. सम्पमध्ये प्रवाह नसताना पडलेलं द्रावण जागेवरच ढग होऊन बसतं. वीज परत आली की पंपाचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा, स्वस्त टायमर शून्यापासून सुरू होतात आणि दिवसाचा डोस पुन्हा पहिल्यापासून देतात. पंपाची नळी वापरानं सैल होते, म्हणून महिन्यातून एकदा मोजपात्रात दहा मिली सोडायला सांगून खरंच दहा येतात का ते पाहा. माझ्या पंपाचे वर्षभरात दहाचे साडेआठ झाले होते, आणि मी कोरल कमी वाढतंय म्हणून दिव्याकडे बघत बसले होते.